मदत हवी आहे: फसवणुकीच्या कॉलनंतर आईचा फोन सुरक्षित कसा करू?

नमस्कार. जाणकारांनी कृपया लवकर सांगावं, आई घरी एकटी असते.

चार दिवसांपूर्वी तिला फोन आला. 'बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून मोठी रक्कम बाहेर चालली आहे, थांबवायची असेल तर फोन ठेवू नका.' त्याला तिचं पूर्ण नाव माहीत होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडेही त्याने बरोबर सांगितले. तिचा विश्वास बसला. ओटीपीच्या सहापैकी चार आकडे तिने वाचून दाखवले, तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारच्या काकूंनी तिचा चेहरा बघूनच फोन हातातून घेतला आणि कट केला. पैसे गेले नाहीत.

पण मला तिने हे काल सांगितलं, तेही रडत. 'मला कळायला हवं होतं' एवढंच म्हणत होती. बँकेला लगेच कळवून कार्ड बंद केलं. आता ती फोनच उचलत नाही. मी केला, दवाखान्यातून तपासणीच्या वेळेसाठी केला. विचारलं की म्हणते, 'वाजलाच नाही.' नातवंडांचे व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ कॉल मात्र घेते, म्हणजे भीतीने टाळतेय असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, तिला साधा फोन देऊ. मला पटत नाही. काय करावं?

प्रतिसाद १:
ताई, आई खरं सांगत असतील. इंटरनेटवरचे कॉल येतात आणि साधे येत नाहीत, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग आधी तपासा. त्या माणसाने स्टार-हॅशवाला एखादा कोड दाबायला लावला होता का? स्टार-स्टार-२१ ने सुरू होणारा कोड लावला की येणारे सगळे कॉल दुसऱ्याच नंबरवर वळतात, आपला फोन वाजतच नाही. ओटीपी फोन करूनही सांगितला जातो, त्यासाठी चोर हे करतात. मेसेज असे वळत नाहीत, म्हणून ते आकडे बोलून घ्यावे लागतात.

त्यांच्या फोनवरून स्टार-हॅश-२१-हॅश लावून बघा. रद्द करायला हॅश-हॅश-००२-हॅश. नाही चाललं तर मोबाइल कंपनीला सांगून बंद करून घ्या. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं ॲप घ्यायला लावलं असेल तर पलीकडच्याला स्क्रीन दिसते. आधी इंटरनेट बंद करा, मग ॲप काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

प्रतिसाद २:
फोन काढून घेऊ नका, कळकळीने सांगतो. साध्या फोनवरही असे कॉल येतातच. माझ्या वडिलांचे पैसे गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांना बोललो. पुढे 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा कॉल आला, तो त्यांनी आमच्यापासून लपवला आणि पुन्हा पैसे गेले. तेव्हा मला समजलं की त्यांना गप्प आम्हीच केलं होतं.

आईंना एकच वाक्य पाठ करू द्या: 'मी ठेवते आणि बँकेला स्वतः फोन करते.' नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं तरी भरवसा नको, खोटा नंबर दाखवता येतो. आणि हे वाक्य बोलायचा सराव घ्या. मी चोर होऊन वडिलांना फोन करायचो. पहिले तीन वेळा त्यांना फोन ठेवताच आला नाही, समोरच्याला मध्येच तोडणं त्यांना उद्धटपणा वाटायचा. चौथ्यांदा जमलं.

घरात एक परवलीचा शब्दही ठरवा. थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आपल्या माणसाचा आवाज हुबेहूब करता येतो हल्ली.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. कोड लावला तर खरंच एक अनोळखी नंबर आला. आईला आता आठवलं, 'लाइन नीट ऐकू येत नाही, एवढं दाबा' असं तो सुरुवातीलाच म्हणाला होता. रद्द केलं आणि तिच्यासमोर बसून माझ्या फोनवरून कॉल लावला. वाजला. 'सांगत होते ना मी,' म्हणाली. मी तिची माफी मागितली.

व्हॉट्सॲपला पिन लावला, लिंक केलेली उपकरणं तपासली, ईमेलचा पासवर्ड बदलला. या चार दिवसांत कॉलवरून कुणी ओटीपी घेतला असेल तर आणखी कुठली खाती बघायला हवीत?