'वुड स्पायडर' म्हणजे लाकडी कोळी? आणि मग आपली 'कातीण' कुठे गेली?

रानवाटा :
परवा सह्याद्रीतल्या एका निसर्गवाटेवर चालताना डोक्याच्या जरा वर, दोन झाडांच्या मधोमध, पाय पसरून माझ्या पंजाएवढा कोळी दिसला. डोकं खाली, पोट वर. पोट लांबट, काळपट, त्यावर पिवळ्या उभ्या रेघा. पाय काळे, सांध्यांशी पिवळे. ऊन पडलं की जाळं चक्क सोनेरी दिसायचं. शेजारी फलक होता : 'विशाल लाकडी कोळी'. तेव्हापासून तो 'लाकडी' डोक्यातून जात नाहीये. हा नक्की कोण आणि याला मराठीत काय म्हणायचं?

ओसरी :
तुम्ही पाहिलीत ती मादी. इंग्रजीत जायंट वुड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. तिथल्या 'वुड'चा अर्थ रान. फलक लिहिणाऱ्याने कोशातला पहिला अर्थ उचलला आणि कोळ्याला सुताराकडे पाठवलं!

पावसाळ्यात आणि नंतर दिवाळीच्या आसपास आंबोली, भीमाशंकर अशा रानांत ही हमखास दिसते. मादीचं नुसतं शरीर तीन ते पाच सेंटिमीटर, पाय धरले तर पंधरा-वीसपर्यंत. ओळखायची सोपी खूण म्हणजे जाळं. चक्राचा मध्य मधोमध नसतो, बराच वरच्या बाजूला असतो, आणि बाई दिवसरात्र तिथेच बसलेली. जाळ्यात मधोमध पांढरी नागमोडी फुली दिसली तर ती ही नव्हे, तो सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपी.

शिवार :
आमच्याकडे 'कोळी आलाय' म्हटलं की लोक फवारणीचा पंप काढतात. वांग्यावरचा लाल कोळी, नारळावरचा इरिओफाइड कोळी. डोळ्यांना धड दिसत नाहीत एवढे बारीक. रक्ताचं नातं लांबचं, दोघेही अष्टपाद वर्गातले, पण तो झाडाचा रस शोषतो आणि हा जाळं विणून उलट किडे धरतो. एकच शब्द दोघांना, त्यामुळे शेतकऱ्याला रानातला कोळीही शत्रू वाटतो. एवढ्यासाठी तरी वेगळा शब्द हवा.

जुनाट :
आहे की! कातीण. माझी आजी कोळी म्हणत नसे, 'कोपऱ्यात कातीण बसलीय, मारू नको' म्हणायची. 'कातणे'वरून आलेला शब्द, मोल्सवर्थच्या कोशातही सापडतो. आपण तो कुठे टाकून दिला कोण जाणे.

मला तो दोन कारणांनी आवडतो. एक म्हणजे तो स्त्रीलिंगी आहे. इथे सोनेरी चक्र विणते ती मादी. वयात आलेला नर स्वतःचं जाळं विणायच्या भानगडीत पडत नाही. तरी आपण 'कोळ्याने जाळं विणलं' म्हणत राहतो. (डासाचंही तसंच. चावते मादी, आणि आपण म्हणतो 'डास चावला'.) 'कोळीण' म्हणावं तर डोळ्यांसमोर मासळीची पाटी येते.

दुसरं कारण कळल्यावर मी खुर्चीतून उठलो होतो. १८१५ साली लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने या वंशाला (जीनसला) नेफिला नाव दिलं, ते ग्रीकवरून, अर्थ 'कातण्याची आवड असलेली'. म्हणजे कातीणच! पिलिपेस म्हणजे केसाळ पायांची. शास्त्रीय नाव मराठीत आणायला कष्टच नाहीत, शब्द घरात पडून होता.

ओसरी :
मान्य. पण कातीण नुसती कातते का? कातणं म्हणजे धागा काढणं, विणणं वेगळं. ही दोन्ही करते. आधी वाऱ्यावर एक धागा सोडते. तो पलीकडे अडकला की झाला पूल. मग चौकट, मग मध्यापासून निघणारे आरे, आणि शेवटी गोल गोल फिरत चिकट धागा. मागावरच्या भाषेत आरे म्हणजे ताणा आणि गोल धागा म्हणजे बाणा. चिकटपणा बाण्यातच, ताणा कोरडा.

तत्सम :
संस्कृतात दोन्ही बाजू आहेत. तन्तुवाय म्हणजे विणणारा, हा विणकरालाही लागू. ऊर्णनाभ म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे तो. (धागा बेंबीतून येत नाही, पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींमधून येतो. तेवढी चूक ऋषींना माफ.) मुंडकोपनिषदात 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च' आहे : ऊर्णनाभ जसा निर्माण करतो आणि परत घेतो. हे 'परत घेतो' मी बरीच वर्षं नुसती उपमा समजत होतो. पण बागेतले चक्रजाळी कोळी संध्याकाळी जाळं विणतात आणि पहाटे खरंच खाऊन टाकतात. त्यातलं प्रथिन नव्या धाग्याला कामी येतं. कोणीतरी पहाटे उठून नीट पाहिलं असणार.

ओसरी :
नेफिला मात्र रोज सगळं मोडत नाही. अर्धं जाळं नवं करते, अर्धं तसंच ठेवते. जुनं लुगडं दांड घालून वापरावं तसं.

रानवाटा :
मग त्या जाळ्याला काय म्हणू? आमच्यासोबतचा एक जण 'केवढं जळमट' म्हणाला.

जुनाट :
त्याला पुढच्या वेळी घरीच ठेवा. जळमट म्हणजे छताला लोंबणारं, धुळीने काळवंडलेलं, मालकाने सोडून दिलेलं. कोळिष्टक त्याहून बरं, पण तेही घराच्या कोपऱ्यातलं. रानातल्या त्या सोनेरी चक्राला 'जाळं'च म्हणावं.

काठावरचा :
'जाळं'वरून आठवलं. आम्ही खाडीकाठचे कोळी, आमच्याकडे दोन्ही कोळी जाळ्यावर जगतात असा नेहमीचा विनोद. पण सॉलोमन बेटांवर खरोखरच कोळ्याच्या जाळ्याचा गोळा करून तो पतंगाला बांधून पाण्यावर नाचवतात. लांब चोचीचा मासा त्याला चावतो आणि त्याचे दात धाग्यात गुंततात. गळ नाही, काटा नाही.

ता.क. लहानपणी अंगावर फोड उठला की 'कोळी मुतला' म्हणायचे. रेघेसारखे असे फोड बहुतेक वेळा अंगावर चिरडलेल्या एका छोट्या किड्याच्या रसाने येतात. कोळ्यावर उगाच आळ.

शिवार :
फलकावर 'कातीण' लिहिलं तर आजची पोरं विचारतील, कसली कात?

जुनाट :
विचारू देत, फलक असतो कशाला! 'रानकातीण' लिहा, खाली बारीक अक्षरांत 'रानात राहणारा मोठा कोळी, मादी'. माणसाला धोका नाही हेही लिहा, म्हणजे कोणी काठीने जाळं मोडणार नाही.

रानवाटा :
रानकातीण. ठरलं, फलकवाल्यांना पत्र टाकतो. एकच राहिलं. त्याच जाळ्यात वरच्या कडेला दोन-तीन इवलेसे तांबूस कोळी होते, शिवाय काही चांदीसारखे चकाकणारे. ते काय, पिल्लं?

ओसरी :
चांदीचे म्हणजे आर्जिरोडीस, फुकटे. तिच्या जाळ्यात अडकलेले बारीक किडे गुपचूप उचलतात. तांबूस मात्र तिचे नवरे असणार, निदान उमेदवार. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे. ती जेवणात गुंतली की हळूच जवळ सरकायचं, एरवी कडेला बसून राहायचं. एका जाळ्यात तीन-चारही असतात.

काठावरचा :
बायकोच्या घरात राहायचं, तिच्या ताटातलं खायचं आणि ती चिडली की कोपरा धरायचा. याला मराठीत शब्द शोधायची गरज नाही. घरजावई.