मदत हवी आहे: वारूळ सातेरीचं की नागाचं?
मंडळी, आमचं मूळ घर वेंगुर्ले तालुक्यात. आजी सांगायची, बागेतल्या वारुळात राखणदार नाग आहे, दिसला तर हात जोडून वाट द्यायची. नागपंचमीला आमच्याकडे विळी बंद, खणणं बंद, तवा चढत नाही. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तेवढ्या होतात (याबद्दल माझी काहीच तक्रार नाही).
पण आमच्या भागात सातेरी देवीही वारुळाच्या रूपात पुजतात, म्हणजे भूमीच ती. आजीच्या गोष्टींत मात्र नाग आणि सातेरी कधी एकत्र आले नाहीत, हेच मला खटकतं. सिंधुदुर्ग किंवा गोव्याकडच्या कुणाच्या घरी दोघांना जोडणारी कहाणी सांगतात का? पुस्तकातली नको, घरात ऐकलेली हवी. मालवणीत असेल तर तशीच लिहा, गावाचं नावही द्या.