दीडपट वेगाने ऐकलेला बोंबील

गिरगावची लेक
काल विरारकरांनी इथे लिहिलं होतं: "पुस्तकं वाचायला वेळ कुणाला आहे? मी विरार ते चर्चगेट दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकतो. कालच कळलं, साहेबाच्या डाकगाडीला सुक्या बोंबलांचा वास यायचा, म्हणून बॉम्बे डाकचं बॉम्बे डक झालं आणि तेच बोंबलाचं इंग्रजी नाव पडलं. हे कुठल्या पुस्तकात सापडलं असतं?"

वाचून इतका राग आला की सविस्तरच लिहिते. सापडलं असतं, आणि ते खरं नाही हेही सापडलं असतं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. 'बॉम्बे डक' हा शब्द छापील इंग्रजीत रेल्वेच्या आधीपासून आहे. गाडीच नव्हती, तर गाडीच्या वासावरून नाव पडलं कसं?

माझे बाबा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणायचे. एका पानावर आधीच्या कुणा वाचकाने छापलेलं साल शिसपेन्सिलीने खोडून शेजारी बरोबर साल लिहिलं होतं. बाबांनी ते दुसऱ्या पुस्तकात ताडून पाहिलं, मग माझ्यासमोर धरलं. वाचणारा असा अडखळतो, मागे जातो. दीडपट वेगात अडखळायला जागाच कुठे आहे?

विरारकर
ताई, सकाळी सातच्या गाडीत चढून दाखवा. एक हात कडीला, दुसरा छातीवरच्या बॅगेवर. पुस्तक धरायला तिसरा हात कुठून आणू? जाऊन-येऊन तीन तास जातात माझे. त्यात कानच तेवढे मोकळे असतात.

आणि माझ्या आईबद्दल बोला. मधुमेहात तिची नजर गेली. आयुष्यभर वाचणारी बाई. दोन वर्षं नुसती भिंतीकडे तोंड करून बसायची. आता कथा ऐकते, आवडलेली दोनदा लावायला सांगते. तिचं ऐकणं दुय्यम आहे का?

दादर पश्चिम
मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं १९२७ साली. तेव्हापासून या शहराच्या कितीतरी पिढ्यांनी कानांनी शिकून घेतलंय. आमच्या चाळीत श्रुतिका लागली की नळावरची भांडणं थांबायची. ऐकण्याला नावं ठेवू नका. पण रेडिओचा वेग वाढवता यायचा नाही, हेही खरं.

वेसावकर
नाव इंग्रजांनी काय ठेवलं यावर एवढी चर्चा, पण मासा पकडणाऱ्याचं कुणाला काही विचारायचं आहे का? तासाभराच्या पॉडकास्टमध्ये साहेबाच्या नाकाला काय वाटलं ते येतं. डोल जाळं भरतीओहोटीच्या ओढीत कसं लावतात ते येत नाही.

माझी आजी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. दिवसभरात शेकडो जोड्या. बोंबलाचे दात बारीक असतात, पण सुईसारखे. संध्याकाळी तिची बोटं मिठाने चरचरायची. पावसाळ्यात मासेमारी बंद असायची, तेव्हा घर चालायचं ते याच सुक्या मालावर.

आणि आज? माझ्या बहिणीने उपनगरात भाड्याने घर घेतलं. पहिल्याच रविवारी सुके बोंबील भाजले, तर सोसायटीचे लोक दारात. "इथे हे चालत नाही." अकरा महिन्यांचा करार चौथ्या महिन्यात मोडला. या मुंबईत, कोळ्याच्या मुलीला!

शांत शेजारी
वासाचा त्रास होतो एवढं सांगणंही गुन्हा झाला का? माझ्या मुलीला दमा आहे. सुकी मासळी भाजली की ती खोकून बेजार होते. प्रत्येक तक्रारीमागे जात शोधू नका.

वेसावकर
जात मी काढलेली नाही, तुम्ही काढलीत. मुलीला त्रास होत असेल तर आधी सांगा, खिडकी लावू, घराच्या मागच्या बाजूला भाजू. पण घर सोडायला लावणं याला तक्रार म्हणत नाहीत.

शांत शेजारी
घर सोडायला लावलं ते चुकलंच. एवढंच मान्य करतो. जिन्यात वास येतो, हे मात्र मागे घेणार नाही.

दादर पश्चिम
सुक्यावर भांडा. ओल्या बोंबलावर तरी एकमत होऊ द्या. चिरून काटा काढायचा, वजनाखाली दाबून पाणी काढायचं, हळद-मीठ-तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवायचा. रवा लावणाऱ्यांचा बोंबील खरपूस दिसतो, पण चव रव्याचीच लागते.

गिरगावची लेक
रव्याला काही बोलायचं नाही! आमच्याकडे रवाच लावतात, आणि आत मासा लोण्यासारखा राहतो. बरं, विरारकर, तुमच्या आईंबद्दल वाचून गप्प झाले. त्यांचं ऐकणं दुय्यम नाही. मी तसं म्हटलं नव्हतं, पण माझं लिहिणं तसं वाचलं गेलं असेल तर चूक माझी. आवडलेली कथा त्या दोनदा ऐकतात, म्हणजे त्या मागे जातात. माझं भांडण वेगाशी आहे.

विरारकर
आज येताना तोच भाग साध्या वेगाने पुन्हा ऐकला. गोष्ट सुरू करण्याआधी निवेदिका म्हणते, "असं सांगतात, पण याला पुरावा नाही." हे वाक्य मला ऐकूच आलं नव्हतं. तेव्हा डाकगाडीचं मी मागे घेतो. पॉडकास्टचं घेणार नाही, कारण तिने खरं सांगितलं होतं.

घरी आल्यावर हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. वेसावकरांच्या आजीची बोटं आली तिथे तिने थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. पिठाचं म्हणाल तर ती रव्याच्या बाजूने आहे. आणि म्हणते, दाबायला पाटाच हवा, ताटाने पाणी निघत नाही.