मदत हवी आहे : इंग्रजी लेखनातील उपमा-रूपके कोणत्या कसोटीवर ठेवावीत किंवा गाळावीत?

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. इथे इंग्रजीतून नियमित लिहिणारे, संपादन करणारे आणि माझ्यासारखे शिकवणारेही अनेक सदस्य आहेत, म्हणून एक अडचण थोडी सविस्तर मांडते.

बारावीच्या इंग्रजीत कवितेतले अलंकार ओळखून स्पष्ट करायचे असतात, आणि लेखनकौशल्यात ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे पुढच्या प्रवेशासाठी आपला हेतू सांगणारे निवेदन, हा घटक आहे. पहिले काम मुले उत्तम करतात. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन त्यांना चटकन ओळखता येतात. मात्र हीच मुले स्वतःविषयी लिहायला बसली की मार्गदर्शकांमधून पाठ केलेली आलंकारिक वाक्ये ओळीने येऊ लागतात. एक नमुना पाहा : ‘एज्युकेशन इज द बॅकबोन ऑफ सोसायटी अँड इट लाइट्स अवर पाथ इन द रेस ऑफ लाइफ.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवण्यासारखे काही नाही. पण एकाच वाक्यात शिक्षण हा कणा आहे, तोच कणा दिवा होऊन वाट उजळतो आणि ती वाट शेवटी शर्यतीची निघते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यातले एकही चित्र उभे राहिलेले नाही, आणि या मुलाला नेमके काय शिकायचे आहे हे वाचणाऱ्यालाही कळत नाही.

या विषयावरचे मला सर्वांत उपयोगी वाटणारे लेखन म्हणजे जॉर्ज ऑर्वेल यांचा 1946 सालचा ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा निबंध. त्यात त्यांनी रूपकांचे तीन थर केले आहेत. नव्याने सुचलेले रूपक चित्र उभे करून विचाराला मदत करते. पूर्ण मेलेले रूपक साध्या शब्दासारखे झालेले असते, त्यामुळे ते वापरायला हरकत नसते. आणि या दोहोंच्या मध्ये झिजलेल्या रूपकांचा मोठा ढीग असतो, ज्यांतली चित्र उभे करण्याची ताकद संपलेली असते, पण स्वतः शब्द शोधण्याचा त्रास वाचतो म्हणून लोक ती वापरत राहतात. परस्परांशी न जुळणारी रूपके एकत्र आली की लिहिणारा विचार करत नाही हे ओळखावे, असेही ते सांगतात. वरचे वाक्य त्याचे चोख उदाहरण ठरेल. निबंधाच्या शेवटी त्यांनी जे सहा नियम दिले आहेत, त्यांतला पहिला असा की छापील मजकुरात नेहमी दिसणारी उपमा किंवा रूपक वापरू नये. सहावा नियम तर असा आहे की वाक्य ओबडधोबड होत असेल तर आधीचा कोणताही नियम खुशाल मोडावा.

माझी खरी अडचण या पहिल्या नियमापाशीच सुरू होते. ‘नेहमी दिसणारी’ हे ठरवण्यासाठी आधी भरपूर वाचलेले असावे लागते. ज्या मुलीने पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी फारसे वाचलेले नाही, तिला ‘लाइफ इज अ रोलर कोस्टर’ हे वाक्य शिळे वाटत नाही, तर नवे आणि रुबाबदार वाटते. उलट ‘ग्रास्प अ‍ॅन आयडिया’ किंवा ‘द फूट ऑफ द हिल’ यांसारख्या, रूपक म्हणून केव्हाच संपलेल्या आणि बिनधास्त वापरता येणाऱ्या प्रयोगांत तिला रूपक दिसते व ती बिचकते. इंग्रजीत वाढलेल्या वाचकाला जी झीज कानाने कळते ती आमच्या वर्गात नियमाने कशी कळवायची, हे मला सुटलेले नाही.

सध्या मी आपल्याकडच्या अलंकारशास्त्राचा आधार घेते आहे, कारण मराठीच्या तासाला मुलांनी ते शिकलेले असते. उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते), साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म (दोहोंतला समान गुण) ही उपमेची चार अंगे. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 साली इंग्रजीत टेनर आणि व्हेइकल अशी जी जोडी रूढ केली, ती ढोबळमानाने उपमेय-उपमानाचीच आहे. पण वर्गात मला खरा उपयोग होतो तो साधारण धर्माचा. प्रत्येक उपमेखाली मुलांनी तिचा साधारण धर्म एका साध्या वाक्यात लिहायचा आणि तो त्यांच्या विषयाला लागू पडतो का ते तपासायचे. रोलर कोस्टरच्या बाबतीत ‘चढउतार’ एवढेच उत्तर येते. मग मी विचारते की तुझ्या आयुष्यातला कोणता चढ आणि कोणता उतार, तेच लिही. अशा रीतीने बहुतेक पाठ केलेली वाक्ये आपोआप गळून पडतात आणि त्यांच्या जागी मजकूर येतो. ही पद्धत मला मनापासून योग्य वाटते.

आता ज्या वाक्यावर घोडे अडले आहे ते सांगते. एका विद्यार्थिनीला अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी असे निवेदन द्यायचे आहे. तिच्या घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड आहे. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) पहिल्या मसुद्यात ‘नेचर प्लेड अ क्रुएल गेम विथ अवर ड्रीम्स’ असे वाक्य होते. काय घडले ते सांग म्हटल्यावर तिने लिहिले की डिपिंग ऑइलमधून (द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती ज्यात बुडवतात त्या द्रावणातून) काढलेली द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली असताना अवकाळी पाऊस झाला, हवेतली ओल हटेना, हिरवा-पिवळा राहायला हवा होता तो माल काळपट पडला आणि भाव गेला. मग एक वाक्य पूर्णपणे तिचे स्वतःचे आले. नीट वाळलेला बेदाणा जाळी हलवली की खाली पडतो. यंदा मात्र, तिच्या शब्दांत, ‘द रेझिन्स क्लंग टु द नेट लाइक लीचेस.’

मला हे वाक्य फार आवडले. काळपट रंग, ओलसरपणा, फुगीर आकार आणि सोडवता न येणारी पकड, इतके साधारण धर्म एका जळवेत आले आहेत, आणि बेदाण्याचे शेड कधी न पाहिलेल्या वाचकालाही तो माल दिसतो. पुढच्याच वाक्यात तिने विचारले आहे की हवेतली ओल वाढली तरी वाळवण नियंत्रित ठेवता येईल का, आणि ते शिकण्यासाठीच तिला हा अभ्यासक्रम हवा आहे. म्हणजे उपमा तिच्या हेतूकडेच घेऊन जाते.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत मात्र वेगळे आहे. त्यांच्या मते प्रवेशाच्या निवेदनात एकही उपमा नसावी, भाषा सरळ असावी, आणि खाण्याच्या वस्तूला जळवेची उपमा दिल्याने वाचणाऱ्याला किळस येईल. किळसेचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. उपमान आपल्याला हवा तेवढाच धर्म घेऊन येत नाही, नको असलेलेही बरोबर आणते, हे खरे आहे. पण उपमा आली की स्पष्टता गेली, हे मला पटत नाही. अ‍ॅरिस्टॉटल यांनी ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वकलेवरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात स्पष्टता हा शैलीचा गुण मानला आहे आणि रूपकाने स्पष्टता येते असेही तिथेच म्हटले आहे.

तेव्हा जाणकारांनी मला दोन गोष्टींत मदत करावी. प्रवेश-अर्ज वाचण्याचा किंवा इंग्रजी मजकूर संपादित करण्याचा अनुभव असलेल्यांनी जळवेचे वाक्य ठेवावे की बदलावे हे कारणासह सांगावे. बदलायचे असल्यास तोच ओला, काळपट चिकटपणा दाखवणारे दुसरे उपमान सुचवले तर ते मी तिच्यापुढे ठेवीन, निवड तिची राहील. आणि शिकवणाऱ्यांना असे विचारायचे आहे की झिजलेला प्रयोग कोणता आणि मेलेला, म्हणून निर्धोक, कोणता, हे कमी वाचन असलेल्या मुलांना ओळखता यावे यासाठी आपण वर्गात काय करता? शब्दकोशातील ‘फिगरेटिव्ह’ ही खूण मी दाखवते, पण तिच्यावरून प्रयोग आलंकारिक आहे एवढेच कळते, तो किती वापरला गेला आहे हे कळत नाही. शिळ्या वाक्यांची यादी वाटणे मला नको आहे, कारण मुले तीही पाठ करतील. अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचा आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले तर फार बरे होईल.