मदत हवी आहे : गरोदरपणात वहिनीची व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची प्राथमिक रक्तचाचणी) रिअ‍ॅक्टिव्ह आलीय

वहिनीला चौथा महिना चालू आहे, साताऱ्याला असते. नेहमीच्या रक्ततपासण्या केल्या, एचबी, शुगर, एचआयव्ही, कावीळ सगळं ठीक, पण व्हीडीआरएलपुढे रिअ‍ॅक्टिव्ह १:२ आलंय. लॅबमधल्या बाईंनी रिपोर्ट देताना सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की गुप्तरोगाचं आहे, मिस्टरांना पण घेऊन या, आणि शेजारी बाकड्यावर आमची आई बसलेली. तेव्हापासून घरात कोणी धड बोलत नाहीये. वहिनी रात्री मला फोन करून रडते, ताई मी काहीच केलेलं नाही हो, आणि दादा म्हणतो मला काही त्रास नाही तर मी कशाला रक्त देऊ.

डॉक्टरांनी टीपीएचए (सिफिलिस खरंच आहे का ते पक्कं करणारी चाचणी) करायला सांगितलीय. १:२ म्हणजे किती गंभीर? चुकून पॉझिटिव्ह येतं का? बाळाला काही होईल का? आणि जिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा ठिकाणी टेस्ट कुठे होईल? प्लीज वहिनीच्या चारित्र्यावर कोणी काही लिहू नका.

उत्तर १ :
मी लॅबमध्येच काम करतो. आम्ही सिरम (रक्तातला पातळ भाग) दुप्पट दुप्पट पातळ करत जातो आणि कुठपर्यंत गुठळ्या दिसतात तो आकडा लिहितो, म्हणजे १:२ अगदी खालचा. व्हीडीआरएल सिफिलिसचा जंतू थेट पकडत नाही, त्यामुळे मलेरिया, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), कधी नुसत्या गरोदरपणातही रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. पण आकडा लहान म्हणून सोडूनही देऊ नका, जुनं किंवा अगदी नवीन इन्फेक्शन असलं तरी असाच येतो. म्हणून टीपीएचए. ती निगेटिव्ह आली तर बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, काही आठवड्यांनी परत तपासतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. टीपीएचए पॉझिटिव्ह आली तर उपचारानंतरही ती सहसा आयुष्यभर तशीच राहते, गुण आलाय का ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून बघतात, तेव्हा पुढे कोणी तोच रिपोर्ट दाखवून घाबरवलं तर घाबरू नका.

उत्तर २ :
ताई, आधी आईंना सांगा की हा रिपोर्ट कोणाकडून कोणाला आलं ते सांगत नाही. सिफिलिस वर्षानुवर्षं काही त्रास न देता अंगात राहू शकतो, म्हणून दादाचं "मला त्रास नाही" इथे चालत नाही, त्याची टेस्ट झालीच पाहिजे. नाहीतर वहिनीचे उपचार होऊनही परत लागण होऊ शकते.
आजार निघालाच तर पेनिसिलिनची इंजेक्शनं असतात, किती दिवसांपासून आहे ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन, कमरेत घेतात आणि दुखतात. एकही चुकवू नका. अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. उपचार न केल्यास गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं, पण चौथ्या महिन्यात कळलंय म्हणजे हातात वेळ आहे.
जिल्हा रुग्णालयात गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी आणि औषधं फुकट. १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाईनवर फोन केलात तर जवळचं केंद्र सांगतात, तो नंबर मोफत आहे.

धागाकर्ती :
खूप आभार दोघांचे, दादाला आज मीच फोन करते, आईशी पण मीच बोलते. साताऱ्याच्या सिव्हिलला हल्ली कोणी गेलंय का? नवरा-बायको दोघं एकत्र गेले तर एकाच वेळी रक्त घेतात का, आणि रिपोर्ट फक्त पेशंटच्याच हातात देतात ना?