मदत हवी आहे: चाकणला सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटर हवेत, पोस्टवर झुंबड आणि गेटवर शुकशुकाट

मोशीकरीण:
मंडळी, चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत मी भरतीचं काम बघते. आयटीआय झालेले मशिनिस्ट, टर्नर आणि एक-दोन वर्षं सीएनसी-व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी मशीन, चालवलेले ऑपरेटर हवे आहेत. आयटीवाल्यांसाठी लिंक्डइन ठीक आहे, पण आमची मुलं तिथे नसतात. ती फेसबुकच्या नोकरी-ग्रुपात, व्हॉट्सॲपवर आणि रात्री इन्स्टाच्या रील्सवर. फेसबुकचं नोकऱ्यांचं वेगळं दालन २०२२ मध्ये आपल्याकडे बंद झालं, तेव्हापासून सगळा कारभार ग्रुपांवरच.

पोस्ट टाकली की कमेंटांचा पाऊस. 'इंटरेस्टेड', 'हातात किती?', 'रूम आहे का?', 'मामा, काम आहे का' आणि खाली मोबाइल नंबर. फोन केला की निम्मे उचलत नाहीत, उचलणारे 'उद्या येतो मॅडम' म्हणतात. तो उद्या काही उगवत नाही.

वर आणखी एक ताप. आमचीच पोस्ट उचलून कुणीतरी त्यात स्वतःचा नंबर घालतं आणि गेटपास-युनिफॉर्मचे म्हणून पोरांकडून पैसे उकळतं. मग तीच पोरं आमच्या गेटवर येऊन भांडतात.

पोस्टमध्ये आम्ही कंपनीचं नाव, पद, शिक्षण, 'आकर्षक पगार' आणि माझा नंबर देतो. बजेट म्हणाल तर नाहीच, एक फोन आणि मी. जाणकारांनी सुचवावं.

जुना_भरतीवाला:
'आकर्षक पगार' हे दोन शब्द आधी काढा. ते वाचून पोरगं समजतं की एक तर पगार कमी आहे, नाही तर हा ठेकेदार आहे.

सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, तोही टाकू नका, हातात येणारा आकडा टाका, हिशेबासकट. समजा ठोक पगार २०,००० आणि त्यात बेसिक १४,०००. बेसिकवर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८०, ठोक पगारावर ईएसआयचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का म्हणजे १५०, व्यवसाय कराचे २००. हातात १७,९७०. त्याऐवजी ठोक २०,००० मध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय मिळवून २२,३३० लिहिलेत, तर पहिल्या पगाराला पोरगं चार हजारांनी फसल्यासारखं बघतं आणि दुसऱ्या महिन्यात पलीकडच्या कंपनीत. कँटीनचे पैसे कापत असाल तर तेही लिहा.

नंबरांचं म्हणाल तर कमेंटमध्ये नंबर राहू देऊ नका. ते उघड्यावर पडलेले नंबरच भामटे उचलतात. पोस्टमध्ये व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या, दाबली की 'व्हीएमसी, अनुभव, राहण्याचं ठिकाण' असा मेसेज तयारच उघडेल. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. त्यात ठरलेली उत्तरं साठवता येतात, 'फोन झाला', 'मुलाखत', 'रुजू' अशी लेबलं लावता येतात. एकट्या माणसाला एवढं पुरतं.

ग्रुप काढायच्या भानगडीत पडू नका. १,०२४ जण मावतात खरे, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, त्यात दोन ठेकेदार शिरले की तुमची मेहनत त्यांच्या खिशात. ब्रॉडकास्ट यादीचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. चॅनेल बरं, तिथे एका फॉलोअरचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही.

आणि आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर आधीच मागवू नका. रुजू होताना गेटवर बघा की.

मोशीकरीण:
लिंकचं आजच करते. पगाराचं मात्र अवघड आहे. साहेब म्हणतात, आकडा उघड टाकला तर आतले जुने लोक येऊन विचारतील, 'नव्याला एवढा, मग आम्हाला का नाही?'

व्हीएमसी_सेटर:
ताई, मी मशीनवरचाच माणूस. मूळ गाव लातूरकडे, आता म्हाळुंग्यात कॉट बेसिसवर राहतो. एका खोलीत सहा जण, कंपन्या चार. दहा तारखेला पगारस्लिपा एकमेकांना दाखवल्या जातात. साहेबांचं गुपित आमच्या खोलीत कधीच फुटलंय.

आम्ही पोस्टमध्ये काय बघतो ते सांगतो. ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीच्या हजेरीपटावर, की ठेकेदाराकडून? आठ तास की बारा? ओटी, म्हणजे जादा तासांचा पगार, सिंगल की डबल? बस कुठून सुटते? 'बस सुविधा' लिहू नका, 'भोसरी, मोशी टोलनाका, चाकण चौक' असे थांबे लिहा. मशीनचा कंट्रोलर, म्हणजे तिला चालवणारी संगणक-यंत्रणा, फॅनुक कंपनीचा की सीमेन्सचा, तेही टाका. फॅनुकवर हात बसलेल्याला सीमेन्सवर उभं केलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि तुम्ही म्हणता पोरं टिकत नाहीत.

'उद्या येतो' म्हणणाऱ्याचंही ऐका. मुलाखतीला यायचं तर एक खाडा पडतो, हजेरी भत्ता जातो. दुपारी चार ते सात मुलाखत ठेवा, पहिली पाळी सुटलेला माणूस वाटेत उतरून येईल.

जुना_भरतीवाला:
वरचं कंट्रोलरचं कागदावर लिहून ठेवा, हे आमच्या डोक्यात कधी येत नाही.

पैसे उकळणाऱ्यांसाठी: प्रत्येक पोस्टच्या फोटोवरच ठळक लिहा, 'या नोकरीसाठी एक रुपयाही लागत नाही'. खाली मजकुरात लिहिलं तर चोर तेवढं कापतो, फोटोवरचं खोडायला त्याला कष्ट पडतात. कंपनीचा लँडलाइनही द्या, खात्री करायला. आणि ज्याचे पैसे गेलेत त्याला लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण.

मोशीकरीण:
दादा, चार ते सातचं पटलं, उद्याच साहेबांशी बोलते. आता रीलचं सांगा. शॉपफ्लोअरवर मोबाइल न्यायला बंदी आहे, ग्राहकाची ड्रॉइंग असतात. मग दाखवायचं काय?

व्हीएमसी_सेटर:
कँटीनचं ताट दाखवा. बस दाखवा, आतून. आणि तुमच्याकडे ट्रेनी म्हणून लागून आता सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारा, झालेला कुणी असेल तर त्याला गेटबाहेर उभा करून तीस सेकंद बोलू द्या, त्याची परवानगी घेऊन. पाठ केलेलं नको, गावाकडच्या भाषेत बोलला तरी चालेल. तेच रील गावच्या ग्रुपात फिरतं. आमच्याकडे माणूस बहुतेक ओळखीवरच येतो, त्याच्या ओळखीचे पाच जण मागोमाग येतील.

फक्त भाजी त्या दिवशीचीच दाखवा. दिवाळीचं जेवण दाखवून बोलावलंत तर कमेंटमध्ये आतलेच लोक धुतील.