सिल्व्हर स्टेनमध्ये दहाऐवजी सात-आठच एनओआर का दिसतात?

प्रश्न:
मानवी लिम्फोसाइटच्या (एक पांढरी रक्तपेशी) मेटाफेज स्लाइडवर, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं घट्ट होऊन सुटी दिसतात त्या टप्प्यावर, न्यूक्लिओलस ऑर्गनायझर रीजन, म्हणजे एनओआर (राइबोसोमल आरएनएची जनुकं असलेले गुणसूत्रांचे भाग), सिल्व्हर नायट्रेटने रंगवतोय. १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर मिळून दहा ठिपके यायला हवेत. बहुतेक पेशींत सात-आठच भरतात. शिवाय स्लाइडभर काळे कण पसरतात. तापमान ७० अंश ठेवतो, डेव्हलपर (चांदी उमटवणारं द्रावण) जिलेटिन-फॉर्मिक ॲसिडचा आहे. काय चुकतंय?

उत्तर १:
ठिपके कमी येणं ही चूक नव्हे. चांदी डीएनएवर नाही, तिथल्या प्रथिनांवर बसते. आधीच्या इंटरफेजमध्ये (दोन विभाजनांमधल्या काळात) ज्या एनओआरवर राइबोसोमल आरएनए तयार होत होता, तिथेच यूबीएफसारखी, ही जनुकं चालू करणारी प्रथिनं मेटाफेजमध्येही चिकटून राहतात. जो एनओआर गप्प होता, तो रंग घेत नाही. म्हणून आकडा माणसागणिक बदलतो, एकाच माणसाच्या पेशींतही थोडा हलतो. एकाच पेशीवरून निष्कर्ष काढू नका.

मोजताना आणखी एक बघा: दोन ॲक्रोसेंट्रिक (एक भुजा अगदी आखूड असलेली) गुणसूत्रं आखूड भुजा समोरासमोर आणून जवळ पडली असतील, तर मधले दोन ठिपके जुळून एकच जाड ठिपका दिसतो. असं असोसिएशन वेगळं नोंदवायचं, नाहीतर आकडा उगाच कमी भरतो.

उत्तर २:
काळ्या कणांचं बहुतेक वेळा मूळ पाण्यात असतं. क्लोराइडचा अंश असला की सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो, त्यामुळे धुण्यापासून द्रावणापर्यंत सगळीकडे डीआयोनाइज्ड पाणीच हवं. सलाइन किंवा बफरचा अंशही स्लाइडवर राहू देऊ नका.

डेव्हलपर: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम जिलेटिन पूर्ण विरघळवा, त्यात १ मिली फॉर्मिक ॲसिड. दोन आठवड्यांनंतर तो टाकून द्या. सिल्व्हर: ८ मिली पाण्यात ४ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, गडद बाटलीत. स्लाइडवर डेव्हलपरचे २ थेंब आणि सिल्व्हरचे ४ थेंब मिसळून कव्हरस्लिप ठेवा. ७० अंशांच्या हॉटप्लेटवर अर्ध्या मिनिटात पिवळी झाक येते, दोनेक मिनिटांत सोनेरी तपकिरी. तिथेच थांबायचं! आणखी तापवलं की गुणसूत्रंच काळवंडतात आणि ठिपके त्यात बुडून जातात. लगेच पाण्याच्या धारेखाली धरा, कव्हरस्लिप आपोआप सरकेल. हातमोजे विसरू नका, डाग त्वचेवरून लवकर जात नाही.

प्रश्नकर्ता:
गप्प असलेले एनओआरही दाखवायचे असतील तर?

उत्तर १:
मग फिश करा, म्हणजे ठरावीक डीएनएला चिकटणारा चमकता तुकडा (प्रोब) वापरा; तो १८एस किंवा २८एस आरडीएनएचा, म्हणजे एनओआरमधल्या राइबोसोमल आरएनएच्या जनुकांचा घ्या. जनुकं चालू असोत वा बंद, तो डीएनएवरच बसतो. ५एसचा प्रोब मात्र घेऊ नका, ती जनुकं १ नंबरच्या गुणसूत्रावर आहेत, एनओआरमध्ये नाहीत. फिशचे ठिपकेही सारख्या तेजाचे येणार नाहीत, कारण आरडीएनएच्या साधारण ४३ किलोबेसच्या (४३ हजार बेसच्या) एककाच्या प्रती प्रत्येक एनओआरमध्ये कमी-जास्त असतात. अगदी फिका ठिपका दिसला तर एक्सपोजर वाढवून पुन्हा बघा, मगच 'नाही' म्हणून लिहा.